खड्यासारखी गाठ

मुलाच्या गालावर, कानापुढे किंवा भुवईजवळ एक लहानशी गाठ येते. बहुधा दुखत नाही, पण महिनोन्‌महिने जातही नाही. घरात कुणी म्हणतं आवाळू, कुणी म्हणतं अवधाण. आईच्या मनात मात्र वेगळीच शंका असते: कॅन्सर तर नसेल ना?

अशा गाठींतली एक, तशी विरळाच, केसाच्या मुळातून उगवते. केस घडवणाऱ्या पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढतात, पण केस काही तयार होत नाही. त्या जागच्या जागी मरतात आणि पुष्कळदा तिथे कॅल्शियम साचतं. ही गाठ म्हणजे पायलोमॅट्रिकोमा. १८८० साली मालेर्ब आणि शेनांते या फ्रेंच डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं, पण ती त्वचेतल्या तेलग्रंथीची समजून. केसाशी नातं सांगणारं नाव तिला मिळालं थेट १९६१ मध्ये!

बोटांनी नीट चाचपलं तर गाठ बरंच सांगून जाते. ती खड्यासारखी टणक लागते. कातडीला चिकटलेली असते, मात्र खालच्या भागावरून सरकते. कातडी ताणली की तंबूच्या कापडासारखे कोन उमटतात. अवधाण कातडीच्या खाली, सुटं असतं. आवाळू सहसा इतकं कडक नसतं. सोनोग्राफीत कॅल्शियमचे कण चमकतात.

खरी गफलत होते ती सुईच्या तपासणीत. या गाठीत दोन प्रकारच्या पेशी असतात. एक, भराभर वाढणाऱ्या कोवळ्या पेशी. दुसऱ्या, केंद्रक नाहीसं होऊन नुसती छाया उरलेल्या. त्यांना ‘भूतपेशी’च म्हणतात! सुईत फक्त कोवळ्या पेशी आल्या, तर ते चित्र कॅन्सरसारखं दिसू शकतं. गाठ कानापुढे असली तर लाळग्रंथीचा संशय येतो आणि घर हादरतं. म्हणून पॅथॉलॉजिस्टला नुसती काचपट्टी पाठवून भागत नाही. वय, गाठ किती दिवसांची, किती टणक, कातडीला चिकटलेली का, हेही कळवावं लागतं.

खात्रीचा निकाल मिळतो तो पूर्ण गाठ काढून तपासल्यावर. तोच उपचारही. औषधाने किंवा लेपाने ती विरत नाही. पूर्ण काढल्यावर पुन्हा क्वचितच येते. कॅन्सरचं रूप फारच दुर्मीळ. तरी प्रौढ वयात गाठ झपाट्याने वाढू लागली, तर थांबू नये. आणि अशा अनेक गाठी असतील, तर घरात कुणाला स्नायूंचा किंवा आतड्याचा आनुवंशिक आजार आहे का, हे डॉक्टर विचारतील. तेव्हा मामा-काकांच्या दुखण्यांची माहितीही सोबत न्यावी.