चौरंगावरचा पांढरा डाग

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर मांडी घालून चौरंग, पाट आणि गंजिफाचे पत्ते रंगवताना दिसतात. इथले राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळात बहरलेली ही कला पुढे मरणपंथाला लागली होती; त्याच राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात तिला पुन्हा उभं केलं. हे सगळं पर्यटकाला ऐकायला मिळतं. पण विकत घेतलेल्या चौरंगावर घरी कुणी ओला पेला टेकवला तर काय करावं, हे क्वचितच.

चित्रावरचा चकाकता थर चपडा लाखेचा असेल तर फार बिघडलेलं नसतं. वरच्या थरात ओल शिरली की लाख पांढरट दिसते, आणि वाळलेली लाख स्पिरिटने पुन्हा सैल होते. मलमलीत कापूस बांधून बोळा करायचा, त्यावर स्पिरिटचे चारदोन थेंब. हाताच्या पाठीला लावला तर गार लागावा, ओला लागू नये. मग डागावरून तो नुसता सरकवत न्यायचा. मध्ये थांबला की चिकटलाच, आणि कापडाची वीण लाखेत उमटते. चित्र अ‍ॅक्रिलिक रंगातलं असेल तर मात्र स्पिरिट रंगच उचलेल. म्हणून आधी कडेला, न दिसणाऱ्या जागी लावून पाहावं.

पाळण्याचे, चौरंगाचे खरादावर कातलेले पाय हे प्रकरण वेगळं. तिथे लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. टवका उडाला तर त्याच रंगाची लाख वितळवून खळगा किंचित फुगीर भरायचा, थंड झाल्यावर पात्याने खरवडून सपाट करायचा. रंग जुळवण्यातच निम्मा वेळ जातो.

‘एकदाच पीयू (पॉलियुरेथेन) मारून टाका, कटकट नको’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. लाखेवर लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. पीयूवर पुढे पोचा पडला तर अख्खा थर खरवडावा लागतो आणि त्याच्यासोबत चित्रही जाण्याची भीती.

अडचण एकच. चौरंगाची आठवण होते गणपतीच्या तोंडावर, श्रावणात. कोकणातल्या त्या दमट हवेत स्पिरिट उडताना ओल ओढून घेतं आणि नवा हातही पांढरा पडतो. तेव्हा डाग आसनाखाली झाकून गणपती बसवावा. चौरंग दुरुस्तीला काढावा तो दसऱ्यानंतर, चांगली उघडीप पडल्यावर.