वाळूंतील सोनें आणि डोंगरांतील सोनें

वैनगंगेच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यांत व त्याला लागून असलेल्या बालाघाटांत, सोनझारी नांवाचे लोक पिढ्यान् पिढ्या नदीची वाळू धुऊन सोनें काढीत आले. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींवर 1916 सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या धंद्याच्या जातीची स्वतंत्र नोंद आहे. पुण्याकडील श्रोत्यांना झारेकरी ठाऊक असेल. सोनाराच्या दुकानांतील राख व केर धुऊन त्यांतून सोन्याचे कण वेंचणें हा त्याचा व्यवसाय. सोनझाऱ्याचें दुकान मात्र नदीचें पात्र, आणि तेथील सोनें कोणा सोनाराच्या हातून सांडलेलें नसतें. मग तें आलें कोठून? आणि तें सांपडतें म्हणून तेथें खाण निघेल काय? दुसरा प्रश्न अधिक मोहक आहे, म्हणूनच तो जपून विचारला पाहिजे.

प्रथम काम कसें चालतें तें पाहूं. घरीं तांदूळ धुणाऱ्या गृहिणींना तें सहज समजेल. पाण्यांत तांदूळ गोलगोल हालवला कीं खडे तळाशीं बसतात आणि तांदूळ वरच्यावर काढून घेतां येतो. तीच ही युक्ति. काथवटीसारख्या लांकडी पात्रांत वाळू घ्यावयाची, पाण्यांत हिंदकळवावयाची आणि हलका भाग कांठावरून वाहूं द्यावयाचा. सोनें पाण्याच्या 19.3 पट जड, तर गारेची वाळू अवघी 2.65 पट, म्हणजे हवेंत सोनें वाळूच्या सुमारें सातपट भरतें. पण बुडालेल्या वस्तूचें वजन तिनें सारलेल्या पाण्याइतकें घटतें, त्यामुळें पाण्याखालीं हेंच प्रमाण अकरापट होतें. शेवटीं तळाशीं काळ्या लोहयुक्त वाळूची एक रेघ उरते, आणि नशीब असेल तर तिच्या शेपटाशीं दोन-चार पिवळे ठिपके. अभ्रकहि चकाकतें, परंतु तें हलकें असल्यानें आधींच निघून जातें. माक्षिकावर हातोडी मारली तर त्याची भुकटी होते; सोनें मात्र पसरतें.

आतां हें सोनें कोठून येतें तें पाहूं. पुण्यामुंबईकडील काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. गोंदियाच्या खडकांपुढें तो अगदींच पोर. आमगांवचें नांव भूशास्त्रांत तेथील अतिप्राचीन नीस खडकामुळें गाजलें आहे, आणि सालेकसा-दरेकसाकडील डोंगरांत जो रायोलाइट आढळतो तो दोन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हा होय. अशा जुन्या खडकांच्या भेगांतून कधीं काळीं ऊन, खनिजयुक्त पाणी चढलें आणि गारेच्या शिरा मागें ठेवून गेलें. त्यांपैकीं कांहींत सोन्याचे अंश राहतात. पुढें ऊन-पावसानें खडक झिजतो, माती होतो. सोन्याला गंज चढत नाहीं, म्हणून तें तसेंच सुटें होऊन ओढ्यांत उतरतें. जेथें प्रवाह मंदावतो तेथें, म्हणजे वळणाच्या आंतल्या अंगास, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला किंवा तळच्या खडकाच्या चिरांत, तें बसतें. दर पावसाळ्यांतील पूर हा सर्व माल पुन्हां उपसतो व नव्यानें मांडतो.

सोनझारी कण वेंचतो; भूशास्त्रज्ञाला सरासरी काढावी लागते. त्याकरितां कोरड्या महिन्यांत पात्रांत व काठच्या जुन्या गाळांत ठराविक अंतरावर खड्डे घेतात. ते मूळ खडकाला टेंकेपर्यंत खणावे लागतात, कारण जड माल बहुधा सर्वांत खालच्या थरांत असतो. प्रत्येक थराची वाळू मोजून धुवावयाची आणि निघालेलें सोनें काट्यावर तोलावयाचें.

येथेंच खरी फसगत आहे. खसखशीच्या दाण्याएवढा, म्हणजे एक मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा गोल कण घ्या. त्याचें वजन सुमारें दहा मिलिग्रॅम भरतें. तो दहा लिटरच्या एका बादलींत सांपडला. एक घनमीटर म्हणजे अशा शंभर बादल्या. तेव्हां उतावळा मनुष्य दर घनमीटरला एक ग्रॅम सोनें असा हिशेब मांडील. पण शेजारच्या नव्याण्णव बादल्या रिकाम्या असल्या, तर खरा उतारा दहा मिलिग्रॅमच. एका ग्रॅमसाठीं शंभर घनमीटर माती हलवावी लागेल, आणि गोंदियांत ती माती बहुधा कोणाच्या तरी धानाच्या बांधीची असेल.

अशा उतावळेपणाची किंमत हिंदुस्थानांत एकदां मोजली गेली आहे. दक्षिणेंतील वायनाडमध्यें स्थानिक लोक फार पूर्वींपासून सोनें धूत असत. त्या बातमीवर 1880 च्या सुमारास लंडनला कंपन्यांचें पेंव फुटलें, आणि थोड्याच वर्षांत भागीदारांचे पैसे बुडाले. त्याच दशकांत कोलारला खोल शीर हातीं लागली, व तेथील खाणी 2001 पर्यंत चालल्या. कण दोन्हीकडे खरे होते. अंतर होतें तें शिरेचें.

म्हणून वाळूंतल्या कणाचा सर्वांत मोठा उपयोग तो वाटाड्या होतो हा आहे. जेथें दोन ओढे मिळतात तेथें दोहोंची वाळू वेगळी धुतात. एकांत कण आहेत, दुसऱ्यांत नाहींत, असें दिसलें कीं पहिल्यानें वर चढावयाचें. कणाचा आकारहि बोलका असतो. दुरून आलेला कण चपटा, गुळगुळीत. उगमाजवळचा कोनाकोनांचा, कधीं गारेचा तुकडा अजून बिलगलेला. चढतां चढतां एका जागीं कण एकाएकीं थांबतात. तेथून मागें वळून दोन्ही बाजूंचे उतार तपासावयाचे, मातीचे नमुने घ्यावयाचे, चर खणावयाचे, आणि शीर दिसलीच तर ती खोलवर टिकते कीं नाहीं हें छिद्र पाडून पाहावयाचें.