विदर्भाची लेक, बंगालची लाडकी: लोपामुद्रा

भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणावर बाळ जन्मलं की पंचांगातल्या अवकहडा चक्रात आद्याक्षर निघतं ‘लो’. मुलगा असेल तर लोकेश, लोकनाथ अशी नावं पटकन सुचतात. मुलगी असली की आई-बाबा, आत्या, मावशी सगळे मोबाइलवर याद्या चाळत बसतात आणि लोचनापाशी येऊन अडतात. यादीत त्याखाली बहुतेक वेळा लोपामुद्रा हे नाव असतं. ते वाचलं की घरातली मोठी माणसं हमखास विचारतात, ‘‘लोप म्हणजे नाहीसं होणं ना? लेकराचं नाव असं कशाला?’’ आणि यादी पुढे सरकते.

मला या आक्षेपाचं वाईट वाटतं. कारण हे नाव आपल्या घरचं आहे. महाभारतातली लोपामुद्रा विदर्भाच्या राजाची मुलगी. रुक्मिणी विदर्भाची, दमयंती विदर्भाची, कालिदासाच्या ‘रघुवंशा’तली इंदुमतीही विदर्भाचीच. या तिघींची नावं मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. रुक्मिणीची तर रखमा झाली, रखुमाई होऊन ती विठोबाशेजारी उभी राहिली. इंदुमतीची इंदू झाली. चौथी मात्र माहेरीच परकी राहिली, आणि या चौघींत सर्वांत जुनं नाव तिचंच आहे.

किती जुनं? तर थेट ऋग्वेदातलं. पहिल्या मंडलातलं १७९ वं सूक्त, अवघ्या सहा ऋचांचं. परंपरेनुसार पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढच्या दोन तिचे पती अगस्त्य यांच्या आणि शेवटच्या दोन त्यांच्या शिष्याच्या. चौथ्या ऋचेत तिचं नाव स्पष्ट येतं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी लोकांच्या तोंडी असलेलं नाव आजही जसंच्या तसं, एक अक्षरही न झिजता, जन्मदाखल्यावर लिहिता येतं. अशी नावं जगात फार नाहीत.

त्या दोन ऋचांत ती जे बोलते, ते फार धीट आहे. कितीतरी वर्षं मी दिवसरात्र कष्ट करते आहे, उगवणारी प्रत्येक पहाट आपल्याला म्हातारपणाकडे नेते आहे, शरीराची शोभा ओसरते आहे. पूर्वीचे सत्यनिष्ठ ऋषीही पत्नींजवळ गेलेच होते, मग आपणच का दूर राहायचं, असं ती नवऱ्याला विचारते. तप मोठं की संसार, या प्रश्नाची एक बाजू वेदात एका स्त्रीच्या तोंडून मांडली गेली आहे. ऋषिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं ते यामुळे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी ऋग्वेदाचं मराठी भाषांतर करून ठेवलं आहे. संस्कृत येत नसलं तरी हे सूक्त मुळाबरहुकूम वाचता येतं.

महाभारताच्या वनपर्वात हीच गोष्ट सविस्तर येते. अगस्त्यांना आपले पितर खड्ड्यात उलटे टांगलेले दिसतात. वंश चालला तर त्यांची सुटका. पण मनाजोगी वधू सापडेना. मग वेगवेगळ्या प्राण्यांचा जो जो अवयव सर्वांत सुंदर, तो तो घेऊन ऋषी एक कन्या निर्माण करतात आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाकडे तिला सोपवतात. ती राजवाड्यात वाढते. उपवर झाल्यावर अगस्त्य तिला मागायला येतात तेव्हा राजा-राणी धास्तावतात. मुलगी द्यावीशी वाटत नाही आणि शापाच्या भीतीने नाही म्हणवत नाही. तेव्हा लोपामुद्रा स्वतःच बापाला सांगते, माझ्यासाठी दुःख करू नका, मला त्यांना द्या. लग्न होतं. नवऱ्याच्या सांगण्यावरून ती दागिने आणि तलम वस्त्रं उतरवते, वल्कलं नेसते आणि गंगाद्वारी त्याच्यासोबत तपाला बसते.

इथवर वाचलं तर ही आणखी एका सोशिक पतिव्रतेची कथा वाटेल. पुढचा भाग महत्त्वाचा. अगस्त्य तिला जवळ बोलावतात तेव्हा ती हात जोडून, लाजत, पण नेमकेपणाने अट घालते: माहेरच्या वाड्यात होती तशी शय्या हवी, अंगावर दागिने हवेत, तुम्हीही नटून यायला हवं. या भगव्या जुनेऱ्यात नाही. तुझ्या वडिलांसारखं धन माझ्याकडे कुठलं, असं ऋषी म्हणतात. तपाच्या बळावर तुम्ही काहीही आणू शकाल, असं ती सांगते. त्याने तप खर्ची पडेल, दुसरा मार्ग सांग, असं ते म्हणतात. ती हट्ट सोडत नाही आणि तुमच्या धर्माला बाधाही नको, असंही स्पष्ट करते.

मग अगस्त्य श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यु या तीन राजांकडे एकामागून एक जातात. तिघेही आपला जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवतात. प्रत्येकाचं उत्पन्न आणि खर्च तंतोतंत सारखा. यातून काही घेतलं तर प्रजेला ताण पडेल, म्हणून ऋषी एक कवडीही घेत नाहीत. वातापी आणि इल्वल या असुर भावांची प्रसिद्ध गोष्ट येते ती इथे, आणि इल्वलाकडून धन मिळतं. वातापी पचवल्याची कथा शाळेपासून आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या सगळ्या धावपळीमागे लोपामुद्रेची ही मागणी होती, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. शेवटी अगस्त्य विचारतात, हजार पुत्र हवेत की हजारांच्या तोडीचा एक? ती एक मागते. तो दृढस्यु.

आता अर्थाकडे येऊ. मुद्रा म्हणजे खूण, ठसा. राजमुद्रा म्हणतो त्यातला. सगळ्या सृष्टीतलं उत्तम ते तिच्यात एकवटलं आणि तिच्यापुढे इतरांच्या सौंदर्याच्या खुणा फिक्या पडल्या, ती लोपामुद्रा. जुने संस्कृत कोशकारही ‘स्त्रियांचा रूपाचा अभिमान जिच्यामुळे लोपतो ती’ अशा अंगाने फोड करतात. म्हणजे लोप तिचा नाही, तिच्यापुढे इतरांचा. ‘पतीत स्वतःला विरघळवून टाकलेली’ असाही एक अर्थ हल्ली नावांच्या पुस्तकांत दिलेला असतो. तो मला पटत नाही. ज्या स्त्रीने वेदात आणि महाभारतात दोन्हीकडे आपलं म्हणणं नवऱ्यापुढे ठामपणे मांडलं, तिच्या नावाला हा अर्थ शोभत नाही.

दक्षिणेत तिची ओळख आणखी मोठी आहे. श्रीविद्येच्या उपासनेत कादि आणि हादि असे दोन प्रमुख मंत्रभेद मानतात. त्यातली हादि विद्या लोपामुद्रेच्या नावाने ओळखली जाते. ललितासहस्रनामात देवीचं एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ आहे, म्हणजे लोपामुद्रेने जिची पूजा केली ती. आपल्याकडे नवरात्रात अनेक घरांत ललितासहस्रनाम म्हटलं जातं. म्हणणाऱ्या कित्येक जणी हे नाव दरवर्षी उच्चारतात. कोडगूत तर लोपामुद्रा म्हणजेच कावेरी. अगस्त्यांनी तिला कमंडलूत ठेवलं आणि ती नदी होऊन वाहू लागली, अशी तिथली कथा. तळकावेरीला तुला संक्रमणाच्या दिवशी होणारा उत्सव तिचाच.

नाव म्हणून लोपामुद्रा खऱ्या अर्थाने रुजली ती बंगाल आणि ओडिशात. गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे बंगालबाहेरही ते पोहोचलं. बंगालमध्ये ते टिकण्याचं एक साधं कारण आहे. तिथे बहुतेक मुलांना दोन नावं असतात: घरात हाक मारायचं सुटसुटीत ‘डाकनाम’ आणि शाळेच्या दाखल्यावरचं ‘भालो नाम’. हाक मारायची सोय वेगळी झाल्यामुळे भालो नाम कितीही भारदस्त संस्कृत ठेवता येतं. आपल्याकडे बारशाला नक्षत्रनाव वेगळं ठेवतात, पण व्यवहारातलं नाव एकच, आणि ते हाकेलाही सोपं लागतं. गुजरातीत क. मा. मुनशींनी तिच्या नावाची कलाकृती लिहिली. मराठीत मात्र हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते नागपूरच्या लोपामुद्रा राऊत हिंदी ‘बिग बॉस’च्या दहाव्या पर्वात दिसल्या तेव्हा. विदर्भाच्या लेकीचं नाव विदर्भाच्याच एका मुलीने घराघरांत नेलं, याचा मला आनंद आहे.

अमेरिकेत दरवर्षी बाळांच्या नावांची सरकारी यादी निघते, कोणतं नाव किती जणांनी ठेवलं ते कळतं. आपल्याकडे तशी यादी नाही, त्यामुळे नेमका आकडा देता येत नाही. पण वर्गाच्या हजेरीपटात ईरा, आर्या, काव्या एकापेक्षा जास्त असतात, तिथे लोपामुद्रा सापडणं विरळाच. उलट तिच्या नवऱ्याचं नाव आता जोरात आहे. अगस्त्य नावाची मुलं पुण्या-मुंबईत सर्रास भेटतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले इथे, प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, तिथला साखर कारखानाही अगस्तींच्या नावाचा. नवरा पाळण्यातही आला आणि कारखान्याच्या फाटकावरही; बायको अजून बाहेरच आहे.

लांबीची अडचण सांगतात, ती खरी नाही. चार अक्षरांचं नाव आहे. ज्ञानेश्वरी, राजलक्ष्मी आपण ठेवतोच. घरात लोपा म्हणा, मुद्रा म्हणा, दोन्ही हाका गोड आहेत. कागदोपत्री मात्र पूर्ण नाव लिहा आणि इंग्रजी स्पेलिंग पहिल्या दिवशी ठरवून दाखल्यापासून आधारपर्यंत एकच ठेवा. घाईची गरजही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण बाळाचं नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेवढ्यात वनपर्वातली ही कथा दोघांनी मिळून एकदा वाचा, आजी-आजोबांनाही वाचून दाखवा, आणि मग ठरवा.