वारणाकाठावरून युरोप : फ्लोरेन्सच्या टोकाला कोल्हापूरचा राजा

गेल्या आठवड्यात रोम उरकलं. आज फ्लोरेन्स. सहल कंपन्या या शहराला जेमतेम अर्धा दिवस देतात. घुमटासमोर फोटो, जुन्या पुलावर फेरी, चला बसमध्ये! आपल्या कोडोली-पन्हाळा भागातल्या माणसाने मात्र इथे एक दिवस जादा काढावा. का, ते सांगतोच, आधी शहर.

कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात बांधला, तोही जमिनीपासून लाकडी सांगाडा न उभारता. आडव्या विटांच्या थरात मधेमधे उभ्या विटा अडकवल्यामुळे ओलं बांधकाम घसरत नसे. आतल्या आणि बाहेरच्या दोन कवचांमधून 463 पायऱ्या चढून माथ्यावर जाता येतं. गुडघे धड असतील तर चढाच.

अर्नो नदीवरचा पोन्ते वेक्किओ हा पूल 1345 चा. त्यावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. 1593 मध्ये मेदिची घराण्याच्या फर्दिनांदने ती हलवून सोनारांना जागा दिली. पुलावरून राजघराण्याची खासगी वाट जात होती, हेही लक्षात घ्या! पूल ओलांडला की ओल्त्रार्नो. चौकटींना सोन्याचा मुलामा देणारे, चामड्याचं काम करणारे कारागीर इथल्या गल्ल्यांत अजून आहेत, आणि संध्याकाळी सान्तो स्पिरितोच्या चौकात गावची तरणी पोरं जमतात. संग्रहालयांपेक्षा हा भाग मला जास्त जिवंत वाटतो.

खायला लाम्प्रेदोत्तो. गाईचं चौथं जठर रश्श्यात शिजवून, चिरून पावात भरतात, वर हिरवी चटणी, आणि पावाचा वरचा भाग त्याच रश्श्यात बुडवून देतात. ज्याने त्याने आपलं ठरवावं.

आता जादा दिवसाचं कारण. 1870 मध्ये कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, पण दहनाची रीत त्या देशात नव्हती. खास परवानगी काढावी लागली. सोबतच्या मंडळींना संगमाची जागा हवी होती. आपल्याला चिखलीचं प्रयाग, तसा तिथे अर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम सापडला. दहन तिथे झालं.

त्या जागी 1874 मध्ये छत्री उभी राहिली. रचना चार्ल्स मॅंट यांची, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच. छत्रीखालचा महाराजांचा अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा, चक्क रंगवलेला. महाराजांची युरोपातली रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी 1872 मध्ये छापून प्रसिद्ध केली. लोक या स्मारकाला नुसतं ‘इंदियानो’ म्हणतात. जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडलं आहे.

स्मारक कशीने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्रामने बागेच्या पूर्व बाजूला उतरा. तिथून पुढे नदीकाठाने सुमारे तीन किलोमीटर सावलीतली चाल आहे. मंगळवारी गेलात तर बागेतला आठवडी बाजारही सापडेल. बस कंपनीच्या कार्यक्रमात हे ठिकाण बहुधा नसतं, तेव्हा पैसे भरण्याआधीच मोकळा दिवस मागून घ्या. पुढच्या आठवड्यात व्हेनिस.