व्हॅनमधली वीज: वायर जाड, फ्यूज जवळ

कॅम्पर व्हॅनमधले दिवे, पंखा, छोटा फ्रिज बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. इथे शॉकची भीती कमी, पण आगीची खरी. ६० वॉटचे उपकरण घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर घेते, तेच १२ व्होल्टवर ५ अँपिअर. म्हणून वायर जाड हवी. बारीक वायर तापते आणि अंतर वाढले की उपकरणापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही.

फ्यूज मुख्यतः वायरच्या रक्षणासाठी असतो. तो वायरला झेपेल त्याहून मोठा नको आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळच बसवावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कसलेच संरक्षण नसते. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा घालू नका, दोष शोधा. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना भोकात रबरी कडे (ग्रॉमेट) घाला, म्हणजे पत्र्याच्या धारेने वायर कापली जाणार नाही.

राहण्याच्या भागाला वेगळी बॅटरी दिली की रात्रभर दिवे जळूनही सकाळी इंजिन सुरू होते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. दुरुस्तीआधी निगेटिव्ह टर्मिनल प्रथम सोडवा आणि जोडताना ते शेवटी जोडा. इन्व्हर्टरची २३० व्होल्टची जोडणी मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.