भोगीच्या दिवशी जुना मिक्सर टाकायचा की ठेवायचा?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. चेन्नईतल्या भोगीची पहाट मात्र वेगळी असते. लोक घरातल्या जुन्या, निकामी वस्तू बाहेर काढतात आणि दारासमोर त्यांची होळी करतात. या धुरामुळे इथली विमानंही काही वर्षी उशिरा सुटली आहेत. 'जुनं जाऊ दे, नवं येऊ दे' हा त्यामागचा भाव. दुकानदारांनाही तो नेमका कळतो. पोंगल जवळ आला की 'जुना मिक्सर द्या, नवा घेऊन जा' अशा पाट्या लागतात.

अशा वेळी तुमचं लक्ष ओट्याखालच्या जुन्या मिक्सरकडे जातं. सासूबाईंनी घेतलेला, जड, थोडा पिवळा पडलेला. शेजारी कोपऱ्यात दगडी ग्राइंडर, जो हलवायला दोन माणसं लागतात. मुलं म्हणतात, "आई, काढून टाक ना आता!" सासूबाई म्हणतात, "याच्यासारखं वाटण तुमच्या नव्यात होणार नाही." खरं कुणाचं? हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्याचं उत्तर घरच्या घरी तपासून काढता येतं.

आपल्या मसाल्यांसाठी बनलेलं यंत्र

आधी थोडं मागे जाऊ. १९६० च्या सुमारास भारतात मिळणारे परदेशी मिक्सर हे फळांचा रस, मिल्कशेक, केकचं मिश्रण अशा मऊ कामांसाठी बनलेले होते. सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली डाळ त्यांना झेपत नसे. मुंबईत माधुरी माथुर यांच्या घरचा असाच एक मिक्सर बंद पडला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनीअर होते. भारतीय स्वयंपाकाला पुरेल अशी दणकट मोटर बनवायची, हे त्यांनी मनावर घेतलं आणि १९६३ मध्ये कंपनी सुरू केली. त्यातून 'सुमीत' मिक्सर आला. आपल्या आईच्या पिढीत कित्येक घरांत मिक्सरला सुमीतच म्हणत.

चेन्नईत १९७८ मध्ये 'प्रीती' सुरू झालं आणि 'मिक्सी' हा शब्द इथल्या घराघरात रुळला. इडली-डोशाच्या पिठासाठी लागणारा दगडी वेट ग्राइंडर आला तो कोइम्बतूरहून. तिथल्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. २०११ मध्ये तर तमिळनाडू सरकारने रेशनकार्डावर मिक्सी, ग्राइंडर आणि पंखा मोफत वाटायला सुरुवात केली. ही यंत्रं इथे चैनीची मानली जात नाहीत, ती चुलीइतकीच गरजेची आहेत.

दोघांची मोटर वेगळी, म्हणून आयुष्यही वेगळं

मिक्सरची मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्या मारते. तिच्यात कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात, त्यांना 'कार्बन ब्रश' म्हणतात. ते फिरत्या भागाला सतत घासत वीज पोहोचवतात. म्हणजे ते झिजणारच. म्हणूनच मिक्सर जोरात काम करतो, आवाज करतो आणि लवकर तापतो.

दगडी ग्राइंडरची मोटर याच्या उलट. तिच्यात कार्बन ब्रश नसतात. ती संथ फिरते आणि पट्ट्यामुळे भांडं त्याहूनही संथ फिरतं. घासणारे भाग कमी, उष्णता कमी. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं चाललेला ग्राइंडर म्हणजे काही चमत्कार नाही. मधूनमधून पट्टा बदलला, बेअरिंग बदललं की तो पुन्हा कामाला लागतो.

पिठातला फरकही इथूनच येतो. उडदाची डाळ दगडाखाली हळूहळू वाटली जाते, तिच्यात हवा मिसळते आणि पीठ फुलून येतं. मिक्सरच्या पात्यात ती चिरली जाते आणि गरम होते. म्हणून मिक्सरमध्ये डाळ वाटताना थंडगार पाणी घालायला सांगतात. चटणी, ओलं वाटण, कोरडा मसाला यांसाठी मात्र मिक्सरच हवा. दोघांची तुलना करताना काम कोणतं, हे आधी ठरवा.

वॅट मोठा म्हणजे काम मोठं?

जुन्या मिक्सरवर पाचशे वॅटच्या आसपासचा आकडा दिसतो, नव्यावर साडेसातशे किंवा हजार. आपल्याला वाटतं, नवा दुप्पट चांगला. पण वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेतं ते सांगतो, किती बारीक वाटतं ते नाही. पात्याची धार, भांड्याचा आकार आणि मोटरचं वाइंडिंग यांवर पुष्कळ अवलंबून असतं.

याचं चांगलं उदाहरण दुसऱ्या एका घरगुती यंत्राचं आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर हे दुकानात झाडलोट करायचे. धुळीने त्यांना दम्याचा त्रास व्हायचा. त्यांनी पंख्याची मोटर, फिरता ब्रश, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून उभा व्हॅक्यूम क्लीनर बनवला. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि पुढे हूवर कंपनीने तो जगभर नेला. अशी जुनी धातूची यंत्रं जपणारे हौशी लोक आजही आहेत. ती चालू राहतात, कारण रबरी पट्टा, ब्रश, पिशवी आणि मोटरमधले कार्बन ब्रश, म्हणजे जे झिजतं ते सगळं, बदलता येतं. पुढे वॅटचे आकडे वाढतच गेले, तेव्हा युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लीनरला २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. कमी विजेत चांगली सफाई करून दाखवणं कंपन्यांना भाग पडलं.

आपल्या मिक्सरलाही हीच दोन मापं लावा: काम कसं करतो आणि झिजलेलं बदलता येतं का?

घरच्या घरी परीक्षा

जुना आणि नवा दोन्ही हाताशी असतील, किंवा शेजारणीकडे नवा असेल, तर एका सकाळी हे करून बघा.

१. एक वाटी उडदाची डाळ चार तास भिजवा. सारखे दोन भाग करा. दोन्ही मिक्सरमध्ये तेवढंच पाणी घालून, तेवढाच वेळ वाटा.

२. वाटल्याबरोबर भांड्याला हात लावा. कोणतं जास्त तापलं?

३. दोन्ही पिठं एकसारख्या भांड्यांत काढा. कोणतं जास्त फुललं? पिठाचा छोटा गोळा पाण्यात टाका. तरंगला तर पीठ हलकं झालं.

४. मग सुकं खोबरं आणि धणे वाटून चिमटीत घेऊन बघा. कोणतं खरखरीत लागतं?

५. शेवटी दुरुस्तीवाल्याला विचारा, या मॉडेलचे ब्रश, कपलर, भांड्याचं बुश मिळतं का? याचं उत्तर वरच्या चारही उत्तरांइतकंच मोलाचं आहे.

मध्ये यंत्राला विश्रांती द्यायला विसरू नका. मिक्सर सलग चालवायचं यंत्र नाही. पाच मिनिटं चालू आणि दोन मिनिटं बंद, असं कित्येक मिक्सरच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही, आणि जळल्यावर कंपनीला बोल लावतो.

बंद पडला म्हणजे मेला असं नाही

मिक्सर अचानक थांबला तर आधी तळाशी बघा. तिथे बहुधा एक छोटं लाल बटण असतं. जास्त ताण आला की ते मोटर बंद करतं. पाचदहा मिनिटं थांबा, प्लग काढा, बटण दाबा. पुष्कळदा मिक्सर जिवंत होतो. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर झिजलेला असतो. तो स्वस्त असतो, आणि तो तुटल्यामुळे मोटर वाचते. भांड्याच्या तळातून काळपट पाणी गळत असेल तर बुश बदलून घ्या. तेच पाणी मोटरीत उतरून तिला खातं.

चेन्नईकरांसाठी आणखी एक गोष्ट. समुद्राच्या दमट हवेत स्क्रू आणि बेअरिंग लवकर गंजतात. वापरानंतर यंत्र कोरडं पुसा आणि झाकून ठेवा. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ आठवतं ना? तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं की जमिनीवरचे ग्राइंडर आधी बुडतात. पाण्यात गेलेलं यंत्र वरून सुकलं तरी प्लग लावून बघू नका. आधी मेकॅनिककडून मोटर उघडून, वाळवून, तपासून घ्या.

कधी निरोप द्यायचा?

जुनं ते सगळंच टिकाऊ, असंही समजू नका. त्या काळचे जे मिक्सर लवकर बिघडले ते केव्हाच भंगारात गेले. उरलेले दिसतात, म्हणून सगळेच दणकट होते असं वाटतं. वायरीचं आवरण तडकलं असेल, बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, जळका वास येत असेल किंवा पातं निसटत असेल, तर मोह सोडा. आजीच्या आठवणीपेक्षा तुमचा जीव मोठा.

निरोप द्यायचाच झाला तर भोगीच्या आगीत तरी देऊ नका. प्लॅस्टिक आणि वायरी जळल्या की त्यांचा विषारी धूर आधी आपल्याच मुलांच्या नाकात जातो. ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा एक्स्चेंजमध्ये द्या. मोटरमधलं तांबं, भांड्याचं स्टील पुन्हा वापरात येतं.

आमच्या घरी मागच्या भोगीला ही परीक्षा झाली. खोबऱ्यात नवा मिक्सर जिंकला, डाळीत दोघेही दगडी ग्राइंडरपुढे हरले. जुन्या मिक्सरला नवे कार्बन ब्रश आणि एक कपलर लागला. आता त्यात फक्त कोरडा मसाला होतो. सासूबाई खूश, मुलगाही खूश, कारण ओट्यावरची जागा नव्या मिक्सरला मिळाली.

तुमच्या घरातला निकाल वेगळा लागेल. पण 'जुनं आहे म्हणून टाका' किंवा 'जुनं आहे म्हणून ठेवा' असं म्हणण्याआधी एक वाटी डाळ भिजत घाला. उत्तर सकाळी मिळेल, आणि सोबत गरम डोसेही.