धक्का : नांव एक, कारणें अनेक

मैदानावर एखादा मुलगा जबर जखमी झाला, कीं आम्ही मोठीं माणसें प्रथम पाण्याचा पेला घेऊन धांवतों. हेतु चांगला, परंतु ग्लानींत असलेल्याच्या श्वासनलिकेंत तेंच पाणी जाऊं शकतें.

वैद्यकांत धक्का, म्हणजे शॉक, याचा अर्थ शरीरास पुरेसें रक्त व प्राणवायु न पोंचणें. त्याचीं मुख्य कारणें चार. रक्तस्रावानें किंवा जुलाबांनीं वाहिन्यांतील द्रव घटतो. हृदयविकारानें हृदयाचा जोर ओसरतो. जंतुसंसर्गानें किंवा मधमाशीच्या विषाच्या वावड्यानें वाहिन्या सैल पडतात. अथवा फुप्फुसाच्या वाहिनींत गुठळी अडकते. पहिल्या दोहोंत त्वचा थंड व घामट लागते. जंतुसंसर्गांत प्रारंभीं ती उष्णही असूं शकते.

म्हणून उपचारही निरनिराळे. द्रव घटल्यास शिरेवाटें द्रव वा रक्त देतात. दुर्बळ हृदयाच्या रोग्यास तेंच अधिक झालें तर फुप्फुसांत पाणी भरतें. वावड्यावर मांडींत ॲड्रिनॅलिनची सुई हा पहिला उपाय होय.

कुशल परिचारिका रक्तदाब उतरण्याची वाट पाहत नाहीं. कारण तरुण शरीर पुष्कळ रक्त जाईपर्यंत तो टिकवून धरतें. जलद नाडी, जलद श्वास, अस्वस्थता व कमी लघवी हीं चिन्हें बहुधा आधीं दिसतात.

विद्यार्थिमित्रांनो, अशा वेळीं १०८ वर दूरध्वनि करावा. वाहती जखम घट्ट दाबून धरावी. रोग्यास आडवें निजवावें, धाप लागत असल्यास बसतें ठेवावें, पांघरूण घालावें, तोंडावाटें कांहीं देऊं नये. आणि तळमळणारा मुलगा एकाएकीं शांत झाला, तर त्यास बरें वाटलें असें समजूं नये. तीच घटका अधिक धोक्याची असूं शकते.